भुकेचं गणित शिकवणारी सहल: इंदूर ते झाबुआ, तीन दिवस

इंदूरच्या शाळांची सहल म्हटली की मांडू, महेश्वर, फार तर उज्जैनची वेधशाळा. जगातली गरिबी आणि भूक हा विषय घेऊन निघणारी सहल आपल्याकडे विरळाच. त्यामुळे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले मराठी पालक आणि शिक्षक तिच्याबद्दल चौकशी करताना थोडे बिचकतात. मूल तिथे जाऊन नेमकं काय करणार, आजारी तर पडणार नाही, आणि साडेचार हजार रुपये देण्याजोगं त्यात काय आहे?

सहलीचा आराखडा असा: नववी ते बारावी आणि कॉलेजचं पहिलं वर्ष, एका तुकडीत चाळीस मुलं, पाच मोठी माणसं, दोन मुक्काम. पहिला दिवस इंदुरात, पुढचे दोन झाबुआ जिल्ह्यात. बस, राहणं, जेवण, कागदपत्रं आणि गावातल्या लोकांचं मानधन सगळं फीमध्ये धरलेलं. मुलांना पाठवावं, असंच आमचं मत आहे. जिथे मुलांच्या हातात काटा, टेप आणि हिशेबाचा कागद येतो, तिथे ही सहल फार चांगली आहे. जिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न होतो, तिथे ती घसरते. दोन्ही गोष्टी तपशिलाने सांगण्यासारख्या आहेत.

पहिल्या सकाळचं वजनकाट्याचं सत्र हा सगळ्या सहलीतला सर्वांत कसदार भाग. सभागृहात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, गव्हाचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल आणि चिरलेली भाजी. पहिलं काम: 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला जे 5 किलो धान्य मिळतं, ते एका दिवसाचं मोजून काढायचं. 5,000 भागिले 30, म्हणजे साधारण 167 ग्रॅम. तेवढं पीठ परातीत ओतलं की तळ जेमतेम झाकला जातो. ते भिजवून, 30 ग्रॅम पिठाची एक या हिशेबाने लाटलं तर साडेपाच पोळ्या. त्यातून ऊर्जा मिळते सुमारे 570 कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 2,110 आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या बाईला 2,720 कॅलरी लागतात. म्हणजे बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईच्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, धान्यातून भागतो. बाकीचं धान्य, सगळी डाळ, सगळं तेल, भाजी, दूध बाजारातून आणायचं. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट मिळतं, हे खरं आणि महत्त्वाचंही. पण फुकट किती आणि विकत किती, हे मुलांना कळतं ते काट्यावरच.

इथे मुलांची हमखास एक चूक होते, आणि ती संयोजकांनी मुद्दाम होऊ द्यावी. अंत्योदय कार्डावर 35 किलो असं वाचून मुलं ठरवतात की अंत्योदयवाल्या कुटुंबाला नेहमीच जास्त मिळतं. पण ते 35 किलो पूर्ण कुटुंबाचे असतात, माणशी नाहीत. पाच माणसांच्या घरात माणशी 7 किलो पडतात, सात माणसांत बरोबर 5, आणि आठ माणसं झाली की 4 किलो 375 ग्रॅम, म्हणजे प्राधान्य गटापेक्षाही कमी. सर्वांत गरीब म्हणून ज्याला वेगळं कार्ड दिलं, त्याच्याच घरात माणसं जास्त असतील तर तो मागे पडतो. एखादा नियम कागदावर चांगला दिसूनही घराच्या आकाराशी गाठ पडल्यावर कसा उलटतो, हे पंधरा वर्षांच्या मुलाला भागाकार करून समजणं, यासाठीच तर सहल काढायची.

दुसरं काम शाळेतल्या माध्यान्ह भोजनाचं, ज्याला 2021 पासून पीएम पोषण म्हणतात. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम. पहिल्या ताटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्यात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम. कच्ची 20 ग्रॅम तूरडाळ तळहातावर घेतली तर मधला खळगा तेवढा भरतो. 5 ग्रॅम तेल म्हणजे चहाचा एक चमचा. ही मापं शिजवण्यापूर्वीची आहेत, हे मात्र संयोजकांनी सुरुवातीलाच सांगायला हवं. शिजल्यावर भात फुगून तिप्पटीच्या आसपास जातो. हे न सांगितल्यास मुलं वाढलेला भात काट्यावर ठेवून 'हे तर भरपूर आहे' असा निष्कर्ष काढतात.

यानंतरचं जगाचं सत्र घाईचं आहे. तासाभरात नकाशा, आकडे, चित्रफीत. आकडे बरोबर दिलेले आहेत: संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी 30 लाख माणसं भुकेली होती, म्हणजे शंभरातली आठ, आफ्रिकेत हेच प्रमाण शंभरात वीसच्या वर, आणि पोषक आहार परवडत नाही अशी माणसं 260 कोटी. या शेवटच्या आकड्यावर थांबायला हवं होतं. पोषक आहार न परवडणाऱ्या माणसांची संख्या भुकेल्यांच्या जवळजवळ चौपट आहे, म्हणजे पोट भरूनही पोषण न होणारी माणसं पुष्कळ आहेत. हा धागा पकडला असता तर पुढच्या दिवशीची अंगणवाडी मुलांना जास्त उमगली असती.

दारिद्र्यरेषेच्या भागात तर चूकच होते. जागतिक बँकेने जून 2025 मध्ये अतिगरिबीची रेषा 2.15 डॉलरवरून दिवसाला 3 डॉलर केली. मुलं लगेच मोबाइल काढून आजच्या विनिमय दराने गुणतात आणि अडीचशेच्या पुढचा आकडा काढतात. तो चुकीचा. हे डॉलर क्रयशक्तीच्या तुल्यतेवर, म्हणजे तेवढ्याच वस्तू त्या त्या देशात किती पैशांत येतात यावर, मोजलेले असतात, त्यामुळे भारतात 3 डॉलर म्हणजे 2021 च्या भावाने साठेक रुपये. त्यात जेवण, भाडं, औषध, कपडे, बसचं तिकीट सगळं आलं. अडीचशे आणि साठ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सत्र घेणाऱ्याने तो फळ्यावर मांडून दाखवलाच पाहिजे.

एवढंच नाही. एकाच भारताबद्दल तीन मोजपट्ट्या तीन उत्तरं देतात. 3 डॉलरच्या रेषेखाली 2022-23 मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास लोक. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाप्रमाणे 2019-21 मध्ये गरीब जवळपास 15 टक्के, कारण तिथे उत्पन्न विचारतच नाहीत. पोषण, शाळा, इंधन, संडास, पाणी, बँक खातं अशा बारा गोष्टी तपासतात. आणि अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कमी ऊर्जा मिळणारे सुमारे 12 टक्के. हे तीन आकडे एकमेकांना खोडत नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सत्रात मात्र फक्त जागतिक भूक निर्देशांकातला भारताचा क्रमांक सांगितला जातो, 2025 मध्ये 123 देशांत 102 वा, आणि मुलं मान खाली घालतात. त्या निर्देशांकातले चार घटक कोणते आणि त्यांतले तीन पाच वर्षांखालच्या मुलांबद्दलचे आहेत, हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती. खुंटलेली उंची, उंचीच्या मानाने कमी वजन, बालमृत्यू, आणि चौथा एकूण लोकसंख्येतला ऊर्जेचा तुटवडा. आपल्या सरकारचा या पद्धतीवर आक्षेप आहे, तोही मुलांसमोर ठेवावा. नववी-दहावीची मुलं असा वाद पेलू शकतात.

मराठी घरातल्या मुलांसाठी इथे आणखी एक संधी वाया जाते. भारतात किमान आहाराच्या खर्चावरून दारिद्र्याचा पद्धतशीर हिशेब मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी एक वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून केला. 2,250 कॅलरी हा पाया, आणि 1960-61 च्या भावाने महिन्याला माणशी खेड्यात 15 रुपये, शहरात साडेबावीस. कॅलरीचा एकच ठोकळ आकडा सगळ्यांना लावण्याला हरकत घेतली ती पां. वा. सुखात्मे यांनी, जे अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पुढे 2011-12 साठी खेड्यात 816 आणि शहरात 1,000 रुपयांची रेषा ज्यांच्या पद्धतीने निघाली, ते सुरेश तेंडुलकर. वजनकाट्याच्या टेबलावरच ही नावं आली तर मुलांना कळेल की आपण सकाळी जे करत होतो, तेच काम या माणसांनी आयुष्यभर केलं.

दुपारी चोइथराम मंडी आणि देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प. हा प्रकल्प 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाला तेव्हा दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊ शकत होता, आणि तो पाहणं मुलांना आवडतंच. परवानगी आधी काढावी लागते, बंद बूट सक्तीचे, वासाने मळमळणाऱ्यांसाठी मास्क ठेवावा. पण इथे मार्गदर्शक जे सांगतो त्याला आमची ठाम हरकत आहे: 'ताटात टाकू नका, झाबुआत मुलं उपाशी आहेत.' अन्न टाकू नये हे खरंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 साठी जगभरात वाया गेलेलं अन्न 105 कोटी टन मोजलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतलं. पण इंदुरात वाचलेली पोळी झाबुआला पोहोचत नाही. तिथलं कुटुंब अर्धपोटी राहतं ते धान्य नाही म्हणून नव्हे, धान्य घ्यायला पैसा, कार्ड किंवा वेळ नाही म्हणून. अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं: तांदळाचा साठा भयंकर घटला नव्हता, भाव चढले आणि मजुरी मागे राहिली. हा विचार मंडीत, भावफलकासमोर उभं राहून सांगायचा. 2025-26 मध्ये मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 261 रुपये होती. तेवढ्यात पाच माणसांचं एका दिवसाचं काय काय येतं, ते मुलांनी भाव विचारून वहीत मांडायचं. हा स्वाध्याय सहलीत आहे, पण अर्ध्या तासात उरकतात. त्याला दीड तास द्यावा आणि कचरा प्रकल्प वेळ उरला तरच करावा.

रात्रीची 'चिठ्ठीची पंगत' ही कल्पना मूळची परदेशातली. अमेरिकेत ऑक्सफॅम या मदतसंस्थेने 1970 च्या दशकापासून ती चालवली. चाळीस मुलांनी चिठ्ठ्या उचलायच्या. सहा जणांना टेबल-खुर्ची आणि पूर्ण थाळी, चौदा जणांना वरणभात, वीस जणांना जमिनीवर बसून कोरडा भात आणि पाणी. आकडे जगाच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून घेतलेले. पण जशीच्या तशी आणली की ती आपल्या मातीत रुजत नाही. जमिनीवर पत्रावळ मांडून बसणं हा आपल्याकडे मान आहे, लग्नमुंजीत पाहुणे तसेच बसतात. मुलं मजेत मांडी घालून बसतात आणि अपमान कुणालाच जाणवत नाही. शिवाय माळव्यात कोरडा भात हे गरिबाचं जेवण नव्हेच. इथे गरिबाच्या ताटात रोटी, मिरची-मीठ, फार तर पातळ डाळ. आमची सूचना: तीनही गटांना सारखंच बसवा, ताटं झाकून द्या, आणि फरक पाण्यात, वेळेत आणि चुलीत दाखवा. शेवटच्या गटाने आधी पाणी भरायचं, सरपण आणायचं, पीठ मोजून घ्यायचं, मग जेवायचं. पहिला गट तोपर्यंत जेवून अभ्यासाला बसलेला असतो.

पंगतीत दरवेळी एक क्षण येतो, टेबलावरची मुलं उठून आपलं ताट खाली वाटतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. संयोजक इथे खेळ संपवतात. खरं काम तर इथून सुरू व्हायला हवं. वाटल्यावर कोणता नियम बदलला? उद्याच्या चिठ्ठ्या कोण लिहिणार? ज्या चौदांच्या ताटात वरणभात होता ते का उठले नाहीत? या चर्चेला किमान पाऊण तास हवा, आणि तो जेवणानंतर लगेच हवा, दुसऱ्या दिवशी बसमध्ये नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बस. धारवरून, अहमदाबाद रस्त्याने झाबुआ साधारण दीडशे किलोमीटर, चहा-नाश्ता धरून चार तास. वाटेत माछलिया घाट आहे, बस लागणाऱ्या मुलांनी धारमध्ये पोटभर पोहे-जलेबी खाऊ नयेत. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, 2015-16 च्या सर्वेक्षणावर आधारित, शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यात 71 टक्के आणि झाबुआत जवळपास 69 टक्के लोक बहुआयामी गरीब होते. अलीराजपूर तर राज्यात सर्वांत वर होतं. आपल्या शहराच्या वेशीपासून चार तासांवर. मुलांना हे बसमध्ये सांगतात ते योग्यच, पण त्याबरोबर पुढच्या पाच वर्षांत राज्यातली गरिबी 36.57 टक्क्यांवरून 20.63 टक्क्यांवर आली हेही सांगावं. नाहीतर मुलं झाबुआकडे गोठलेलं चित्र म्हणून पाहतात.

अंगणवाडीतला तास सहलीतला दुसरा मोलाचा भाग. इथे दंडघेर मोजायची पट्टी दाखवतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, घेर मोजायचा. मध्य शोधताना कोपर काटकोनात वाकवायचा, मोजताना मात्र हात सैल सोडायचा. पट्टी कातडीला टेकलेली हवी, आवळलेली नको. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, म्हणजे मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली लाल, तीव्र कुपोषण. सगळ्यात जास्त चूक होते ती पट्टी ओढून धरण्यात. अर्धा सेंटिमीटर आवळली की पिवळं मूल लाल दिसतं, सैल ठेवली की लाल मूल पिवळ्यात जातं आणि उपचाराविना राहतं.

संयोजकांनी इथे एक फार चांगला नियम पाळला आहे: विद्यार्थी गावातल्या एकाही मुलाला हात लावत नाहीत. मोजमाप अंगणवाडी कार्यकर्ती तिच्या नेहमीच्या दिवशी, नेहमीसारखं करते; विद्यार्थी बाजूला बसून तिच्या नोंदी समजून घेतात. त्यांच्या हातात कागदाची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरवर खूण करून ती गोल वळवायची आणि टाचणी लावायची. वर्तुळाचा व्यास निघतो 3.7 सेंटिमीटर. त्यातून कॉलेजच्या मुलाची दोन बोटं जातात, तिसरं अडकतं. एवढाच दंड, हाड-मांस-कातडीसकट. ही कडी हातात धरून बसलेल्या मुलांना वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

वजन-उंचीच्या चुका कार्यकर्तीकडूनच ऐकाव्यात, तिला त्या पाठ असतात. काटा शून्यावर न आणणं, भिजलेल्या कपड्यांसकट वजन, दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं ते उभं करून मोजणं. आणि सर्वांत मोठी अडचण वयाची. जन्मतारीख अंदाजाने 1 जानेवारी टाकलेली असली की उंचीचा सगळा हिशेब सहा-सहा महिने सरकतो, आणि धडधाकट मूल खुजं ठरतं किंवा खुजं मूल धडधाकट. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं खुजी निघाली, मध्य प्रदेशात 35.7 टक्के. असे आकडे अशाच एकेका काट्यावर, एकेका वयाच्या नोंदीवर उभे असतात.

पोषण पुनर्वास केंद्रात, म्हणजे एनआरसीत, मुलांना आत नेत नाहीत, बाहेर खोलीत आहारतज्ज्ञ समजावतात. हेही बरोबर. तीव्र कुपोषित बाळाला एकदम पोटभर खायला घातलं तर ते दगावू शकतं, म्हणून आधी 100 मिलिलिटरला 75 कॅलरीचं एफ-75 दूध थोडंथोडं, मग प्रकृती स्थिरावली की 100 कॅलरीचं एफ-100. मुक्काम साधारण चौदा दिवसांचा. आई मध्येच बाळ घेऊन का निघून जाते, हा प्रश्न इथे निघतो. घरी आणखी दोन मुलं, म्हशीला पाणी कोण दाखवणार, पेरणी अडलेली. 'आई बेजबाबदार आहे' असं म्हणायला गेलेली मुलं इथे गप्प होऊन ऐकतात, कारण आहारतज्ज्ञ घरातल्या कामांचा दिवसभराचा तक्ता समोर ठेवतात.

एक प्रश्न मात्र सहलीत कुणी काढत नाही. झाबुआ हा कडकनाथ कोंबडीचा मुलूख, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि 2015 मध्ये राज्यातल्या आदिवासी जिल्ह्यांत अंगणवाडीतून अंडी देण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने नाकारला. अंडं हे स्वस्त, भेसळ न होणारं, मोजून देता येणारं प्रथिन आहे. ज्या समाजात ते वर्षानुवर्षं खाल्लं जातं त्यांच्या मुलांच्या अंगणवाडीतल्या ताटात ते का आलं नाही, हे विचारायला शाकाहारी घरातल्या मुलांनी बिचकायचं कारण नाही. ताट कुणाचं आणि आवडनिवड कुणाची, हा भुकेच्या अभ्यासातला मधोमधचा प्रश्न आहे.

कंट्रोलच्या दुकानातला तास तारखेवर अवलंबून. धान्य आलं नसेल त्या दिवशी गेलात तर कुलूप आणि फलक एवढंच दिसेल. वाटप सुरू असेल तेव्हाच जा. पाहायचं ते यंत्र: अंगठा लागतो की नाही, घासलेल्या बोटांच्या म्हाताऱ्या माणसाला कितीदा पुसून लावावा लागतो. मध्य प्रदेशात पात्रता पर्ची, म्हणजे रेशनच्या हक्काची चिठ्ठी, आणि समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, दोन्ही लागतात. समग्रमध्ये नाव एक आणि आधारवर थोडं वेगळं, एवढ्यावर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडते आणि घरातल्या एका माणसाचे 5 किलो थांबतात. कायद्यातली लाभार्थ्यांची मर्यादा अजून 2011 च्या जनगणनेवर बेतलेली असल्याने नवीन सून किंवा बाळाचं नाव चढायला वेळ लागतो. सेल्समनला मुलांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये, तराजू आणि रजिस्टर दाखवायला तो तयार झाला तर आभार मानून पाहावं.

स्थलांतराचं सत्र चांगलं, पण सहलीच्या तारखा त्याच्या मुळावर येतात. इंदूरच्या शाळा डिसेंबर-जानेवारीत सहली काढतात. त्या काळात झाबुआतली धडधाकट माणसं सुरत, अहमदाबाद, बडोद्याला बांधकामावर गेलेली असतात. गावात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुलपं. मुलं परत येऊन लिहितात की 'गावात कुणी काम करत नाही'. काम करणारे तर शेकडो किलोमीटरवर असतात. दिवाळीनंतर लोक जातात, भगोरियाच्या आठवड्यात होळीला परततात. म्हणून एक तर ऑगस्टअखेर-सप्टेंबरात जावं, जेव्हा लोक शेतावर असतात, घरातलं जुनं धान्य संपत आलेलं आणि नवा मका अजून कणसात असतो. टंचाई कधी येते ते तेव्हाच दिसतं. नाहीतर होळीनंतरच्या आठवड्यात, परत निघण्याच्या तयारीतल्या कुटुंबांशी बोलता येईल तेव्हा. भगोरियात मात्र सहल नेऊ नये. तो लोकांचा सण आहे, त्या दिवसांत त्यांना भुकेबद्दल विचारत फिरणं शोभत नाही.

भाषेची सोय तपासा. मोठी माणसं भिली बोलतात, हिंदी कामापुरती. गावातलाच दुभाषी असला तर उत्तरं लांब आणि खरी येतात. इंदूरहून नेलेला मार्गदर्शक हिंदीत विचारतो तेव्हा बहुतेक प्रश्नांना 'हाँ साहब' एवढंच उत्तर मिळतं. तिसऱ्या दिवशी हाथीपावा टेकडीवरचे पाणी अडवण्याचे चर दाखवतात. हलमा या भिल्लांच्या रीतीने हजारो लोकांनी विनामोबदला खणलेले ते चर आहेत. गरीब माणूस फक्त घेणारा नसतो, हे मुलांना तिथे उभं राहून दिसतं. पण हे शेवटच्या घाईच्या दुपारी ठेवलं आहे, बसचा चालक हॉर्न वाजवत असतो. ते दुसऱ्या संध्याकाळी हवं.

आमची सगळ्यात मोठी हरकत 'अर्धपोटी रात्री'ला. दुसऱ्या रात्री ऐच्छिक म्हणून मुलांना एक भाकरी आणि मीठ देऊन झोपवतात. अमेरिकेत आर्कान्सामधल्या पेरीविल इथे हायफर संस्थेच्या शेतावर विद्यार्थी गरीब देशांच्या नमुन्याच्या वस्तीत एक रात्र काढायचे, ही त्याचीच नक्कल. आपल्या घरात एकादशी-चतुर्थी करणाऱ्या मुलाला एका रात्रीच्या उपासाचं नवल नाही. सकाळी सातला नाश्ता नक्की आहे हे माहीत असताना जे होतं तो उपास, भूक नव्हे. आणि ऐच्छिक म्हटलं तरी चाळीस जणांत हात वर न करणं कुणाला जमतं? मधुमेहाची मुलं, मासिक पाळीतल्या मुली, खाण्याच्या विकाराशी झगडणारी मुलं या दडपणात गप्प राहतात. देशात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे; बसमधल्या मुलीही त्यातून सुटलेल्या नसतात. त्या रात्रीऐवजी निघण्याआधी इच्छुकांची हिमोग्लोबिन तपासणी खासगीत करून घ्यावी, निकाल फक्त त्या मुलीला आणि पालकांना द्यावा. भूक फक्त दुसऱ्याच्या गावात असते, हा समज तिथेच मोडेल.

फोटोंबद्दल संयोजकांचा नियम ढिला आहे. अंगणवाडीत मोबाइल बंद, पण गावात फिरताना मोकळीक. पालकसभेतच सांगून टाका: माणसांचे फोटो नाहीत, मुलांचे तर नाहीतच. चॉकलेटं आणि जुने कपडे नेऊ देऊ नका. चाळीस मुलांनी एका दुपारी वाटलेली चॉकलेटं पुढच्या तुकडीला पाहताच हात पसरायला शिकवतात. द्यायचंच असेल तर शाळेने गावातल्या बचत गटाकडून जेवण विकत घ्यावं, ठरलेला भाव रोख द्यावा. मक्याच्या पिठाचा गोळा खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेलं पानिया आणि उडदाची डाळ मुलं आनंदाने खातात.

सामानात प्रत्येकी दोन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, टॉर्च, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि मुलींसाठी पुरेसे पॅड, कारण मुक्कामाजवळ दुकान नाही. संडास वसतिगृहात चांगले, गावात नाहीत. सकाळचा कार्यक्रम त्या बेताने आखा.

पैसे भरण्याआधी शाळेने संयोजकांना चार गोष्टी लेखी विचाराव्यात. गावातल्या माणसांना मानधन किती आणि कुणाच्या हातात, दुभाषी कुठला, जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय किती अंतरावर, आणि परतल्यावरचं सत्र कोण घेणार. हे शेवटचं सत्र सध्या सहलीत नाही. परतल्यानंतर पंधरा दिवसांनी दोन तासांचं सत्र ठेवावं, मुलांनी आपल्याच वॉर्डातल्या कंट्रोलच्या दुकानात आणि अंगणवाडीत जाऊन तेच मोजमाप आणि तेच प्रश्न मांडावेत. फीमध्ये त्याची तरतूद नसेल तर कचरा प्रकल्पाची फेरी वजा करून ती करून घ्या; साडेचार हजारांत हे बसतं.